सिमितेर, मसण आणि कबरस्तान: पणजीच्या जुन्या दफनभूमीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-कोल्हापूरकडचे पाहुणे घरी आले की त्यांना पणजी दाखवायचे काम माझ्याकडे येते. फोंताइन्हासची रंगीत घरे, मोठ्या चर्चच्या पायऱ्या, मिरामारची वाळू हे सगळे पाहून होते. मग सांतिनेजहून ताळगावकडे वळताना गाडी भिंतीपाशी हळू होते, पलीकडे पांढरे क्रूस दिसतात आणि प्रश्न सुरू होतात. वर्षानुवर्षे प्रश्न तेच आहेत. उत्तरे देऊन देऊन घसा बसला, म्हणून एकदाची लिहून काढली.

सांतिनेज हे नाव कुठले?

संत आग्नेस हिचे पोर्तुगीज नाव सांता इनेश. तिच्या नावाचे चर्च इथे आहे. गोंयकारांच्या तोंडी सांता इनेशचे सांतिनेज झाले आणि चर्चवरून अख्ख्या भागाला, शेजारून मांडवीकडे वाहणाऱ्या खाडीलाही तेच नाव चिकटले. पणजीत कुणी नुसते ‘सांतिनेजला पोचवले’ म्हणाला तर ऐकणारा क्षणभर थांबतो आणि कोणाला म्हणून विचारतो. मुंबईत तिथल्या स्मशानामुळे ‘सोनापूर’ या शब्दाला जो वास होता, तसाच काहीसा इथे आहे. मात्र सांतिनेजला दुकाने आहेत, उंच इमारती आहेत, माणसे मजेत राहतात, हेही सांगून ठेवतो.

ख्रिस्ती दफनभूमी, हिंदूंचे स्मशान आणि मुसलमानांचे कबरस्तान एकाच भागात कसे?

तिन्ही एकाच परिसरात आहेत हे खरे. त्यामागे सर्वधर्मसमभावाचा मोठा विचार होता असे समजू नका. एकोणिसाव्या शतकातल्या पणजीच्या दृष्टीने ही गावाबाहेरची जागा होती. नदीकाठचा राजवाडा, कचेऱ्या आणि बाजार पूर्वेला. इकडे खाडी, शेते आणि माडांची रांग. मेलेल्यांना वस्तीपासून लांब ठेवायचे ठरले की प्रत्येकाचा हात एकाच दिशेला गेला. पुढे शहर वाढले आणि जिवंत माणसेच मेलेल्यांच्या शेजारी राहायला आली.

सिमितेर म्हणजे काय? दफनभूमी म्हटले तर चालत नाही का?

चालते. पाटीवर तेच शोभते. पण गोव्यात ख्रिस्ती दफनभूमीला लोक सिमितेर म्हणतात. पोर्तुगीज ‘सेमितेरियु’वरून आलेला हा शब्द मुळात ग्रीक, आणि त्याचा अर्थ झोपायची जागा. गंमत म्हणजे आपल्या श्मशान शब्दाची फोड यास्काने निरुक्तात ‘श्मशयन’ अशी केली आहे: शरीर जिथे शयन करते ती जागा. दोन टोकांच्या दोन संस्कृतींनी मृत्यूला झोपच म्हटले. खड्ड्याला म्हणजे प्रत्यक्ष थडग्याला कोकणीत फोंड म्हणतात. फोंडा या गावाशी त्याची गल्लत करू नका, फोंडेकर रागावतात.

‘सार्वजनिक’ दफनभूमी असे मुद्दाम का म्हणतात? आधी ती खासगी होती का?

हा खरा प्रश्न आहे, आणि बहुतेक लोक तो विचारतच नाहीत.

पोर्तुगीजांनी गोवा घेतले १५१० मध्ये. त्यानंतरची सव्वातीनशे वर्षे ख्रिस्ती माणूस मेला की त्याला पुरण्याची प्रतिष्ठित जागा म्हणजे चर्चच्या आतली फरशी. वेदीच्या जितके जवळ, तितका मान मोठा. पैसे, पद आणि घराणे असेल तर वेदीपाशी, नसेल तर दाराकडे, त्याहून खाली असाल तर बाहेर अंगणात. समजूत अशी की रोज जिथे मिस्सा म्हणजे चर्चचा मुख्य प्रार्थनाविधी होतो, संतांचे अवशेष असतात, तिथे पडून राहिले की आत्म्याला आधार मिळतो. लोक डोक्यावरून चालतील आणि चालता चालता एक प्रार्थना म्हणतील, हाही हिशेब होताच.

जुन्या गोव्याला, म्हणजे ओल्ड गोव्याला, गेलात तर सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये वर सोनेरी वेदीकडे बघण्याआधी खाली बघा. जमीन फिदाल्गोंच्या म्हणजे सरदारांच्या थडग्यांच्या शिळांनी भरली आहे. कुलचिन्हे, शिरस्त्राणे, अक्षरांच्या ओळी. पर्यटक त्यावर उभे राहून छताचे फोटो काढतात. तिथून थोडे वर मोंती सांतु टेकडीवर रोझरीचे चर्च आहे. त्यात कातारिना आ पिरो या बाईचे थडगे आहे. गव्हर्नर गार्सिया द सा याची ती बायको. हा गव्हर्नर १५४९ मध्ये वारला. थडग्यावरची नक्षी पाहिलीत तर ती लिस्बनच्या कारागिराची नाही, गुजरातेकडच्या हाताची वळणे तिच्यात दिसतात.

खुद्द आफोंसु द आल्बुकेर्क १५१५ मध्ये मांडवीच्या मुखाशी जहाजावर वारला आणि त्याने स्वतःच बांधलेल्या ‘सेऱ्हा’च्या चर्चमध्ये त्याला पुरले. पुढचे गव्हर्नर जुलमी निघाले तेव्हा इथले हिंदू-मुसलमानसुद्धा त्याच्या कबरीपाशी न्याय मागायला जात, अशी आख्यायिका आहे. ज्याने शहर जिंकताना कत्तल केली त्याच्याच कबरीवर न्याय मागायचा, यावरून नंतरच्यांचा कारभार कसा असेल ते ओळखा. १५६६ मध्ये त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या.

तर मुद्दा असा: ‘सार्वजनिक’ म्हणजे चर्चच्या फरशीखालचा मानापमान सोडून, उघड्या आकाशाखाली, भिंतीच्या आत, सगळ्यांसाठी एकच जमीन. ही कल्पना गोव्यात एकोणिसाव्या शतकात आली. त्याआधीची थडगी पुष्कळ आहेत, पण त्या अर्थाची दफनभूमी नाही.

मग गरिबांना कुठे पुरत?

चर्चच्या आवारात. बेवारस, कंगाल आणि फाशी गेलेल्यांना मूठमाती देणे हे मिझेरिकॉर्दिया या धर्मादाय संस्थेचे व्रतच होते. जुन्या गोव्यातल्या राजाच्या इस्पितळात लिस्बनहून आलेले शिपाई मोठ्या संख्येने मरत. फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल १६०८ मध्ये तिथे रुग्ण म्हणून राहिला आणि त्याने त्या इस्पितळाच्या थाटाचे भरभरून वर्णन करून ठेवले आहे. थाट खरा असेल, पण त्या शिपायांच्या नावाची शिळा शोधू जाल तर हाती काही लागणार नाही.

हे सगळे बदलले कधी आणि का?

२१ सप्टेंबर १८३५ ला. त्या दिवशी पोर्तुगालमध्ये रोद्रीगु दा फोन्सेका मागाल्याइश या मंत्र्याचा हुकूम निघाला की चर्चमध्ये दफन बंद आणि प्रत्येक वस्तीने बाहेर सार्वजनिक दफनभूमी करायची.

कारणे दोन. पहिले रोगराई. त्या काळी डॉक्टर म्हणत की कुजण्याच्या दुर्गंधीने हवा बिघडते आणि तीच रोग पसरवते. शास्त्र चुकीचे होते. पटकी पाण्यातून पसरते हे जॉन स्नोने लंडनमध्ये दाखवले ते १८५४ मध्ये. पण चुकीच्या शास्त्रातून निघालेला उपाय बरा होता. १८३३ मध्ये लिस्बनमध्ये पटकीने माणसे पटापट मेली, चर्चच्या फरशा पुरेनात, आणि त्याच वर्षी तिथे प्राझेरिश आणि आल्तु द सांव जुआंव या दोन मोठ्या दफनभूमी उघडाव्या लागल्या. पॅरिसने तर पेर लाशेज १८०४ मध्येच उघडली होती.

दुसरे कारण राजकारणाचे. लिस्बनमध्ये उदारमतवादी सत्तेवर आले होते. त्यांनी १८३४ मध्ये पुरुषांचे सगळे मठ बरखास्त केले, आणि १८३५ मध्ये मठ बंद करण्याचा तो हुकूम गोव्यात पोचला. मेलेल्या माणसावरचा चर्चचा ताबा कमी करणे हा त्याच धोरणाचा भाग होता. दफनाचे पैसे, फरशीवरची जागा, त्यावरचा मान, हे सगळे त्यात आले.

लोकांनी ऐकले?

पोर्तुगालमध्ये नाही. तिथे पुढे कोश्ता काब्रालच्या सरकारने नियम कडक केले, तेव्हा १८४६ मध्ये उत्तरेकडच्या मिन्यु प्रांतात बायका रस्त्यावर उतरल्या. प्रेत चर्चमध्येच पुरायचे म्हणून त्या अधिकाऱ्यांच्या हातून प्रेत घेऊन गेल्या. करांचा राग त्यात मिसळला, बंड पसरले आणि सरकार पडले. ‘मारिया दा फोन्ते’चे बंड म्हणून ते पोर्तुगालच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. आपल्या बापाला उघड्या माळावर कुत्र्या-मांजरासारखे पुरायचे का, एवढाच त्यांचा सवाल होता. आज सिमितेरीची शांतता बघून हळहळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की ती पहिल्यांदा आली तेव्हा लोकांना अपमान वाटली.

गोव्याने नेहमीप्रमाणे मधला मार्ग काढला. खेडोपाडी फिरा. हुकूम वस्तीबाहेर जाण्याचा होता, पण बहुतेक गावांत सिमितेर चर्चच्या मागे किंवा कुशीलाच दिसेल. छपराखालून बाहेर आले, चर्चच्या सावलीतून मात्र नाही. पणजीला निराळे वळण मिळाले, कारण ती नवी राजधानी होती.

राजधानी बदलण्याचा याच्याशी काय संबंध?

जवळचा संबंध आहे. जुने गोवे रोगराईने खाल्ले. सतराव्या-अठराव्या शतकांत साथी येत राहिल्या, श्रीमंत लोक नदीकाठाने खाली सरकत गेले, आणि १७५९ मध्ये व्हाइसरॉयही पणजीला आदिलशहाच्या जुन्या वाड्यात राहायला आला. १८४३ मध्ये पणजीला ‘नोव्हा गोवा’ म्हणून रीतसर राजधानीचा दर्जा मिळाला. त्याच्या आदल्याच वर्षी, १८४२ मध्ये, इथे वैद्यकीय शाळा निघाली होती. म्हणजे पणजी आखली जात होती तेव्हा सरळ रस्ते, निचरा, मोकळी हवा ही नव्या शिकलेल्यांची भाषा होती. गावाबाहेरची दफनभूमी त्याच भाषेतला एक शब्द.

जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनचा मनोरा पाहिला असेल. १८३५ मध्ये मठ रिकामा झाला, १८४२ मध्ये छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भागही पडला. आता उभी आहे ती एका मनोऱ्याची एक बाजू. छत गेल्यामुळे तिथल्या फरशीवरची थडगी पावसात भिजतात. ज्यांनी छपराखाली पडून राहायला पैसे मोजले, ते शेवटी उघड्यावरच आले.

तिथेच जॉर्जियाची राणी सापडली ना?

तिच्या अस्थीचा तुकडा. राणी केटेव्हानला १६२४ मध्ये शिराझला शहा अब्बासच्या हुकमाने हाल करून मारले. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थींचा काही भाग १६२७ मध्ये गोव्यात आणून मठात ठेवला. कागदांत जागेचा उल्लेख होता, पण छत पडल्यावर ती जागा ढिगाऱ्याखाली गेली. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात अस्थी मिळाली, हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत तिची डीएनए तपासणी झाली, आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. २०२१ मध्ये भारताने तिचा भाग जॉर्जियाला दिला. चारशे वर्षे परमुलखात काढून एक हाड घरी गेले. पाहुण्यांना ही गोष्ट ताजमहालापेक्षा जास्त आवडते असा माझा अनुभव आहे.

हिंदूंना पोर्तुगीज राज्यात अंत्यसंस्कार करू देत होते का?

काळ कोणता आणि तालुका कोणता, त्यावर ते अवलंबून. आल्बुकेर्कने १५१० मध्येच सती बंद केली, हे त्याच्या बाजूने सांगावे लागते. बेंटिंकच्या तीनशे वर्षे आधी. पण पुढे तिसवाडी, बार्देश आणि साश्टी या जुन्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलखात, देवळे पाडली गेली आणि हिंदूंच्या उघड धर्मविधींवर एकामागून एक बंदी आली. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, बसले आणि ते कायमचे उठले १८१२ मध्ये. देव नदीपलीकडे फोंड्यात गेले तसे विधीही गेले; लोक होडीतून पलीकडे जाऊन कार्ये उरकून येत. पोर्तुगालमध्ये १९१० ला प्रजासत्ताक आले आणि १९११ मध्ये चर्च आणि सरकार वेगळे झाले, तेव्हा इथल्या हिंदूला कायद्याने खऱ्या अर्थाने बरोबरी मिळाली. म्हणून सांतिनेजच्या स्मशानातून निघणारा धूर हा माझ्या मते पणजीच्या इतिहासाचा तितकाच मोठा दाखला आहे. फरक एवढाच की धुरावर कोणी नाव कोरत नाही.

म्हणजे गोव्यात हिंदूंची जुनी थडगी नाहीतच?

आहेत. आपण त्यांना थडगी म्हणत नाही, इतकेच. संन्याशाला जाळत नाहीत. काणकोणच्या पर्तगाळी मठात किंवा कवळे मठात गेलात तर स्वामींची वृंदावने दिसतील, त्या समाधी आहेत. लिंगायतांत पुरतात, तान्ह्या मुलांना पुरतात. त्याहून जुने बघायचे असेल तर वीरगळ आणि सतीशिळा बघा. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात कदंबकाळातले वीरगळ आहेत आणि त्यांतल्या काहींवर गलबतांची लढाई कोरली आहे. देशावरच्या वीरगळांत गाई सोडवताना मेलेला वीर असतो, आमच्याकडचा समुद्रात मरतो.

दोना पावलाला इंग्रजांची दफनभूमी आहे म्हणतात. इंग्रज गोव्यात कशाला आले?

नेपोलियनच्या भीतीने. फ्रेंच गोव्यात उतरतील म्हणून इंग्रजांनी १७९९ ते १८१३ या काळात, मध्ये थोडा खंड पडला तरी, आग्वाद, काबु (आज राजभवन आहे ते टोक) अशा मोक्याच्या किल्ल्यांवर आपली फौज ठेवली. शिपाई लढाईत मेले नाहीत, लढाई झालीच नाही. ते तापाने आणि हगवणीने मेले. ते प्रोटेस्टंट, कॅथलिकांच्या पवित्र केलेल्या जमिनीत त्यांना जागा नव्हती. म्हणून त्यांची वेगळी, भिंतीआडची छोटी दफनभूमी, राजभवनाच्या वाटेवर. आधी सांगितलेला मुद्दा इथे उलटा दिसतो: चर्चने बाहेर ठेवल्यामुळेच हे लोक गोव्यात उघड्यावरच्या दफनभूमीत आधी पोचले. सुरतेला इंग्रज-डचांच्या भव्य कबरी आहेत, कोलकात्याला १७६७ पासूनची साउथ पार्क स्ट्रीटची दफनभूमी आहे. त्यांपुढे ही अगदी साधी. तिथे सहसा कोणी नसते.

आणि दोना पावलाने कड्यावरून उडी मारली ती गोष्ट?

ती गोष्ट टॅक्सीवाल्यांची. कोळ्यावर प्रेम, घरच्यांचा विरोध, समुद्रात उडी. दोना पावला ही खरी बाई होती, सरदार घराण्यातली, रीतसर लग्न झालेली, आणि १६८२ मध्ये वारलेली. तिच्या नावाची शिळा राजभवनातल्या काबुच्या चॅपेलमध्ये आहे. थडग्याचा दगड आणि दंतकथा यांच्यात निवड करायची वेळ आली तर मी दगडाच्या बाजूने असतो. तरी भाचरांना उडीचीच गोष्ट सांगतो.

थडग्यांवर काय लिहिले आहे ते कसे वाचायचे? पोर्तुगीज येत नाही.

यायची गरज नाही, सातआठ शब्द पुरतात. ‘आकी जाश’ म्हणजे इथे पहुडला आहे. ‘सेपुल्तुरा द’ म्हणजे अमुकाचे थडगे, आणि पुढे ‘इ द सेउश एर्देइरुश’ आले तर ‘आणि त्याच्या वारसांचे’: म्हणजे जागा घराण्याने घेऊन ठेवली होती, सातबाऱ्यासारखी. ‘नाश्सेउ’ जन्मला, ‘फालेसेउ’ वारला. ‘जाझिगु’ म्हणजे कुटुंबाची पक्की बांधीव जागा, आणि त्यापुढे ‘पेर्पेतुउ’ असेल तर कायमची. पी, एन, ए, एम अशी चार अक्षरे दिसली तर ती पदवी नव्हे. ‘पाद्रि नोसु, आव्हे मारिया’, म्हणजे जाताना आमच्या पित्याची आणि मरियेची प्रार्थना म्हण, अशी वाटसरूला विनंती. ‘साउदादि’ हा शब्द वारंवार येईल. त्याला मराठीत एक शब्द नाही. हुरहूर म्हणा, आठवणीने जीव कासावीस होणे म्हणा.

अक्षरे झाली की दगड बघा. जुन्या गोव्यातला काळा पाषाण पुष्कळसा वसईकडून आलेला. गोव्याचा जांभा भुसभुशीत, त्यावर बारीक अक्षर टिकत नाही. म्हणून साध्या थडग्यावर जांभ्याचा चौथरा, वर चुन्याचा गिलावा आणि लाकडी किंवा सिमेंटचा क्रूस. ऐपत असेल तर संगमरवर. मग भाषा बघा, कारण सिमितेरीत गोव्याचा इतिहास भाषेने उलगडतो. जुन्या शिळा पोर्तुगीज. १९६१ नंतर इंग्रजी वाढत जाते. कोकणीही दिसते. एकाच कुटुंबाच्या शेजारी शेजारी असलेल्या तीन शिळांत आजोबा पोर्तुगीजमध्ये, बाप इंग्रजीत आणि मुलगा ‘लंडन’ या शब्दासह, असे मी स्वतः पाहिले आहे.

कवटी आणि हाडांची फुली म्हणजे तिथे धोका आहे का? साथीत मेलेला माणूस?

नाही. ‘तूही मरणार आहेस’ एवढीच आठवण. विजेच्या डब्यावरच्या चित्राशी संबंध नाही.

पुरलेल्या माणसाला परत उकरतात हे खरे का?

खरे, आणि ऐकून दचकायचे कारण नाही. जागा थोडी, माणसे पिढ्यान्‌पिढ्या. साधा फोंड काही वर्षांसाठीच असतो. मुदत चर्चगणिक बदलते. ती संपली की फोंड उघडतात, अस्थी गोळा करून भिंतीतल्या कोनाड्यात किंवा सामायिक अस्थिकुंडात ठेवतात आणि जागा दुसऱ्याला मिळते. कोनाड्यावर छोटी फरशी, नाव आणि फोटो. आपण तिसऱ्या दिवशी अस्थी वेचतो, ते काही वर्षांनी वेचतात. गोव्यातल्या पावसाचा आणि जांभ्या मातीचा वेग दांडगा असतो. माती आपले काम वेळेत करते.

मेल्यावर सगळे सारखे, असे सिमितेरीत तरी आहे का?

हुकूम काढणाऱ्यांना तसे वाटत होते. पण गोव्यात कोंफ्रारीय नावाची चर्चमधली मंडळे असतात. त्यांचे सभासद ‘ओपा-मुर्सा’ म्हणजे विशिष्ट झगा आणि खांद्यावरचा छोटा झूल घालून प्रेतयात्रेत चालतात. कित्येक गावांत ही मंडळे जातीने वाटलेली होती. बामण, चाड्डी, सुदीर ही नावे बाप्तिस्म्याने गेली नाहीत. मग झग्याचा रंग कोणता आणि पुढे कोण चालणार, यावरून भांडणे झाली. वेदीपासूनचे अंतर मोजायचे बंद झाले आणि प्रवेशद्वारापासूनचे, मधल्या क्रूसापासूनचे अंतर मोजायला सुरुवात झाली. ‘जाझिगु पेर्पेतुउ’ची संगमरवरी रांग आणि मागच्या भिंतीकडचे मातीचे उंचवटे बघितले की वेगळे सांगावे लागत नाही.

कोणी मोठी माणसे सांतिनेजला पुरली आहेत का?

हा प्रश्न विचारणारा बहुधा पाटी लावलेली जागा शोधत असतो. गंमत अशी की गोव्याच्या सार्वजनिक जीवनातल्या मोठ्या माणसांची स्मारके सिमितेरीबाहेर आहेत. गोवा मुक्तीच्या चळवळीचे अध्वर्यू त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा १९५८ मध्ये मुंबईत वारले, तिथेच त्यांना पुरले. १९८६ मध्ये त्यांच्या अस्थी पणजीत आणून आझाद मैदानावरच्या स्मारकात ठेवल्या. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर १९७३ मध्ये गेले, त्यांची समाधी मिरामारला. मनोहर पर्रीकरांचे २०१९ मध्ये अंत्यसंस्कार तिथेच झाले. सिमितेरीत पडले आहेत ते शिक्षक, कारकून, बेकरीवाले, व्हायोलिन वाजवणारे, गलबतावरून परतलेले खलाशी. माझ्या दृष्टीने शहर म्हणजे तेच.

आमचे पूर्वज गोव्याचे. नोंदी कुठे मिळतील?

ख्रिस्ती घराणे असेल तर आधी त्या गावच्या चर्चमध्ये चौकशी करा. तिथे ‘लिव्रु द ओबितुश’, म्हणजे मृत्यूंचे बाड असते. जुनी पुष्कळ बाडे पणजीच्या पुराभिलेख खात्यात आहेत. हे दफ्तर १५९५ पासूनचे, दियोगु दु कोउतु याच्या हाताखाली सुरू झालेले. सध्या तिथे गर्दी असते ती जन्माच्या नोंदींसाठी. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येते, त्यामुळे आजोबा कधी जन्मले हे सगळ्यांना हवे असते. कधी मेले हे फार थोडे विचारतात. म्हणून मृत्यूचे बाड मागितले तर खिडकीतला माणूस जरा कुतूहलाने बघतो.

हल्ली ख्रिस्ती लोक दहन करतात का?

रोमने १९६३ पासून परवानगी दिली आहे. २०१६ मध्ये खुलासा केला की राख पवित्र जागी ठेवावी. विखरू नये, घरातही ठेवू नये. गोव्यात अजून ओढा दफनाकडेच आहे. पण मुले लिस्बनला नाही तर लंडनला, थडग्यावर चुना मारायला कोण, हा प्रश्न घरोघरी आहे, आणि त्याचे उत्तर कोनाड्यांच्या भिंतीकडे जाते.

हिंदू माणसाने आत गेले तर चालते का? घरी येऊन अंघोळ करावी लागते का?

चालते. बूट काढावे लागत नाहीत, टोपी असेल तर काढावी. फोटो काढायचे तर आधी सांक्रिस्तांवला, म्हणजे चर्चची व्यवस्था बघणाऱ्याला, विचारा. आणि कोणी फुले वाहत असेल तर कॅमेरा खिशात ठेवा. अंघोळीचे म्हणाल तर माझी आजी मला विहिरीवर उभा करून दोन कळशा ओतायची. नंतर तीच आजी शेजारच्या तियाबरोबर, म्हणजे ख्रिस्ती मावशीबरोबर, २ नोव्हेंबरला सिमितेरीत जाऊ लागली, तियाचा नवरा गेल्यावर. अंगणातली शेवंती न्यायची. येताना दोघी चहाला थांबायच्या. अंघोळीचा विषय मग घरात निघाला नाही.

जायला चांगला दिवस कोणता?

२ नोव्हेंबर, मृतांच्या आठवणीचा दिवस. त्याच्या आठवडाभर आधीपासून गवत काढणे, चुना मारणे, पुसट अक्षरांत काळा रंग भरणे चालू असते. संध्याकाळी पाद्री थडग्यांमधून पवित्र पाणी शिंपडत जातात, मेणबत्त्यांचा इतका उजेड होतो की भिंतीबाहेरच्या रस्त्यावरून जाणाऱ्याला तो दिसतो.

आणि पावसाळ्यात?

सिमितेरीत गुडघाभर गवत, शिळांवर शेवाळ, पाय घसरतो. पण पाऊस नुकताच थांबला असेल आणि तिरपे ऊन आले असेल, तर झिजलेली अक्षरे ओल्या दगडावर उठून दिसतात. उन्हाळ्यात न वाचता आलेली शिळा मला जुलैत वाचता आली आहे. छत्री न्या, आणि घट्ट चपला.